सेलिब्रेशनसारखी हिवाळी आयपीए घरी करताना

सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीच्या 'सेलिब्रेशन' या बिअरची नक्कल करायला निघालेले लोक एक चूक हमखास करतात. लाल लेबल, त्यावर बर्फातली केबिन, नाताळआधी दुकानात येणारी बाटली, एवढं पाहून ते दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या सालीची जमवाजमव करतात. या बिअरमध्ये मसाला अजिबात नाही. ही सरळसोट आयपीए (हॉप्सचा जोर असलेली कडवट बिअर) आहे आणि ती हंगामी आहे ती हॉप्समुळे, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांमुळे. त्या वर्षीच्या सुगीतले, नुकतेच वाळवलेले हॉप्स तिच्यात पडतात.

दुसरी चूक जास्त कष्टाळू लोक करतात: आकडे जुळवतात आणि तिथेच थांबतात. ६.८ टक्के अल्कोहोल, ६५ आयबीयू (कडवटपणाचं माप), कडवटपणाला चिनूक, वासाला कॅस्केड आणि सेंटेनियल या जातींचे हॉप्स, ही माहिती उघड आहे. दोन वर्षं जुने हॉप्स वापरूनही हे आकडे गाठता येतात, चव मात्र येत नाही. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा हॉप्सच्या निवडीला आणि शेवटी बिअरला हवेपासून वाचवण्याला दिली आहे. मॅशिंग (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) थोडक्यात उरकलंय, तिथे फारसं कोणी चुकत नाही.

पाककृती माझी आहे, ब्रुअरीची नव्हे. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) २० लिटर जातील असं माप धरलंय. तुम्ही धान्यापासून एखादी तरी बिअर आधी केलेली आहे हे गृहीत धरलंय. आणि घरी बिअर करण्याचे नियम देशागणिक, राज्यागणिक वेगळे आहेत, काही ठिकाणी परवान्याशिवाय बिअर करणं चक्क गुन्हा ठरतं. साहित्य मागवण्याआधी ते बघून घ्या.

१. तारखा उलट्या मोजा

उत्तर गोलार्धात हॉप्सची काढणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर चालते. नव्या पिकाची पाकिटं किरकोळ विक्रीला साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. उकळीच्या दिवसापासून ग्लासापर्यंत किमान पाच आठवडे धरा: आंबायला दोन, ड्राय हॉप (आंबून झालेल्या बिअरमध्ये हॉप्स टाकणं) आणि गाळ बसायला एक, बाटलीत गॅस धरायला दोन. म्हणजे नाताळला प्यायची असेल तर नोव्हेंबरच्या मध्याच्या आत चूल पेटलेली हवी.

उशीर झाला तर घाईने पायऱ्या गाळू नका. जानेवारीत प्या. नक्कल करायची ती चवीची, तारखेची नाही.

२. हॉप्स: इथेच बिअर ठरते

आधी एक गोंधळ मिटवू. 'फ्रेश हॉप' आणि 'वेट हॉप' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेलिब्रेशनमध्ये ताजे, पण वाळवलेले हॉप्स असतात. वेट हॉप म्हणजे वेलीवरून काढून न वाळवता, शक्यतो चोवीस तासांच्या आत वापरलेले हॉप्स. त्यांच्यात सुमारे ८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे वजन पाचपट घ्यावं लागतं आणि चवही हिरवट, गवताळ येते. ती चव चांगलीच लागते, पण ती या बिअरची चव नव्हे. कोणी परसातल्या वेलीचे ओले हॉप्स देऊ केले तर ते दुसऱ्या बिअरसाठी घ्या.

पाकीट घेताना तीन गोष्टी पाहा:

- पिकाचं वर्ष. चालू वर्षाचं नसेल तर परत ठेवा. छापलेलंच नसेल तर तेही परत ठेवा.
- आल्फा ॲसिडचा (कडवटपणा देणाऱ्या घटकाचा) आकडा. तो त्या खेपेचा हवा, त्या जातीची नेहमीची सरासरी नको.
- पाकीट हवाबंद आणि घट्ट आवळलेलं, विक्रेत्याकडे थंडीत ठेवलेलं. टम्म फुगलेलं किंवा उन्हात टांगलेलं नको.

सिएरा नेवाडाची ख्याती आख्ख्या हॉप्सच्या बोंडांसाठी आहे. ताजी बोंडं मिळाली तर उत्तम. पण मागच्या वर्षीची बोंडं आणि यंदाच्या पेलेट्स (हॉप्स दळून, दाबून केलेल्या गोळ्या) असा पर्याय असेल तर डोळे मिटून पेलेट्स घ्या. बोंडांच्या रूपावर भाळून शिळा माल आणणारे बरेच आहेत.

पाकीट फोडल्यावर एक बोंड तळव्यांमध्ये जोरात चोळा. आतली ल्युप्युलिनची पूड पिवळीधमक असली पाहिजे. ती केशरी-तपकिरी झाली असेल तर माल जुना आहे. आता नाक जवळ न्या. कॅस्केडला ग्रेपफ्रूट आणि फुलांचा वास येतो, सेंटेनियलचा वास त्याच धाटणीचा पण अधिक लिंबाळ आणि दाट असतो, चिनूकला पाइनच्या डिंकाचा. चीजसारखा किंवा घामट मोज्यासारखा वास आला तर ते हॉप्स कुठल्याही टप्प्यात घालू नका.

> तपासा: चिनूकचं माप मी १३ टक्के आल्फा धरून ३० ग्रॅम दिलंय. ३० गुणिले १३ म्हणजे ३९०. तुमच्या पाकिटावर ११ टक्के असेल तर ३९० भागिले ११, म्हणजे साडेपस्तीस ग्रॅम घ्या. हा हिशोब फक्त कडवटपणाच्या हॉप्सना लावा. शेवटी पडणारे हॉप्स वासासाठी आहेत, त्यांचं वजन बदलू नका.

उकळीच्या दिवसापर्यंत पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवा.

३. बाकीचं साहित्य

- टू-रो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली): ६ किलो
- क्रिस्टल माल्ट, ६० लोविबॉन्ड (माल्टच्या रंगाचं माप, सुमारे १५० ईबीसी): ६०० ग्रॅम
- चिनूक ३० ग्रॅम, कॅस्केड ९० ग्रॅम, सेंटेनियल ८५ ग्रॅम
- यीस्ट: अमेरिकन एल, 'चिको' वंशाचं. सुकं यूएस-०५ घेत असाल तर ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं.

उद्दिष्ट: सुरुवातीची घनता १.०६५, शेवटची १.०१३ ते १.०१४.

क्रिस्टल माल्टवर हात सैल सोडू नका. बिअर तांबूस दिसते म्हणून लोक ते किलोभर घालतात, त्यात वर कॅरापिल्स आणि म्युनिक ही आणखी माल्ट. मग बिअर गोड, जड होते आणि हॉप्स तिच्या खाली दबतात. ६०० ग्रॅममध्ये रंग पुरेसा तांबडा येतो.

दोन पाकिटं यीस्ट ही उधळपट्टी नाही. १.०६५ च्या वर्टमध्ये (धान्यातून काढलेल्या गोड पाण्यात) एकच पाकीट टाकलं तर यीस्ट दमू शकतं आणि घनता वरच अडून बसू शकते.

४. पाणी आणि स्वच्छता, आदल्या दिवशी

एकूण ३३ लिटर पाणी लागेल. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर अर्धी कॅम्पडेन गोळी चुरून घाला आणि ढवळा, काही मिनिटांत काम होतं. हे टाळलं तर बिअरला औषधी, बँडेजसारखी चव येते आणि ती नंतर कशानेही जात नाही.

आरओचं पाणी वापरत असाल तर ५ ग्रॅम जिप्सम घाला. त्याने सल्फेट सुमारे ८५ पीपीएमने वाढतं आणि कडवटपणा कोरडा, स्वच्छ लागतो. नळाच्या पाण्याचा अहवाल हातात नसेल तर त्यात अंदाजाने क्षार घालू नका.

उकळीनंतर वर्टला जे जे लागणार आहे ते सगळं आधी धुवून मग सॅनिटाइझ करायचं. मळ असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर चालत नाही. फर्मेंटरचा नळ खोलून आतून पाहा. खेप आंबूस निघण्याचं कारण बऱ्याचदा त्या नळाच्या आट्यात बसलेलं असतं.

५. मॅश

धान्याचा भरडा काढा, पीठ नको. प्रत्येक दाणा फुटलेला आणि टरफल शक्य तितकं शाबूत, एवढंच बघा.

२० लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवा. धान्य २५ अंशांच्या आसपास असेल तर मिसळल्यावर मॅश ६६ अंशांवर येईल. गुठळ्या फोडा, झाका, एक तास ठेवा. दहा मिनिटांनी थोडा वर्ट गार करून पीएच मोजा, ५.२ ते ५.४ हवा. तासाभराने वर्ट काढून घ्या आणि उरलेल्या १३ लिटर पाण्याने (७५ अंश) धान्य सावकाश धुवा. भांड्यात २६ लिटर जमले पाहिजेत.

> तपासा: उकळीआधीची घनता १.०५५ च्या आसपास हवी. नमुना हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या उपकरणावर) लिहिलेल्या तापमानापर्यंत गार करूनच मोजा. घनता कमी भरली तर चिनूक टाकण्याआधीच जास्त वेळ उकळून पाणी आटवा. चिनूक पडल्यावर उकळी लांबवली की कडवटपणाचा हिशोब बिघडतो.

६. उकळी: साठ मिनिटं

वर्टला पहिली उकळी फुटताना फेस झपाट्याने वर येतो. तेव्हा भांड्यापासून हलू नका, आच कमी करा, फेस बसला की मग घड्याळ लावा. झाकण ठेवू नका. माल्टमधून निघणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

- ६० मिनिटं शिल्लक: चिनूक ३० ग्रॅम
- २० मिनिटं शिल्लक: कॅस्केड ३० ग्रॅम
- १० मिनिटं शिल्लक: सेंटेनियल २५ ग्रॅम
- आच बंद, वर्ट ८० अंशांवर: कॅस्केड ३० आणि सेंटेनियल ३० ग्रॅम

उरलेले ३०-३० ग्रॅम ड्राय हॉपसाठी आहेत. ते लगेच हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका. कामाच्या गडबडीत ओट्यावर उघडं पडलेलं पाकीट तासागणिक वास गमावत असतं.

चौथा टप्पा लोक घाईत बिघडवतात. आच बंद केली की लगेच हॉप्स ओतून दिले जातात. वर्ट ९५ अंशांवर असेल तर कडवटपणा वाढत राहतो आणि नाजूक तेलं वाफेबरोबर उडून जातात. आधी गार पाण्याची कॉइल फिरवून ८० अंशांवर आणा, मग हॉप्स घाला, ढवळून गोल भोवरा करा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. स्वयंपाकघरात ग्रेपफ्रूटचा वास दरवळला की छान वाटतं खरं, पण जो वास खोलीत आला तो बिअरमधून गेला.

७. गार करणं आणि यीस्ट

वीस मिनिटं झाली की झटपट १८ अंशांवर आणा. फर्मेंटरमध्ये घेताना हॉप्सचा गाळ मागे ठेवा. भांड्यात २२ लिटर असतील, त्यातले २० पुढे जातील. बोंडं वापरली असतील तर ती पेलेट्सपेक्षा जास्त वर्ट पितात, त्यांना निथळू द्या, पण पिळू नका.

वर्ट वरून खळखळत पडू द्या. पूर्ण प्रक्रियेत हवा लागलेली चालते ती फक्त इथे, यीस्टला वाढायला ऑक्सिजन लागतो म्हणून. घनता मोजून लिहून ठेवा. वर्ट १८ अंशांवर आल्याशिवाय यीस्ट टाकू नका. 'रात्रीत गार होईल' म्हणून २८ अंशांवर यीस्ट टाकलं की केळ्यासारखा आणि स्पिरिटसारखा वास येतो.

८. आंबवणं

तापमान १८ ते १९ अंश, आणि ते वर्टचं, खोलीचं नव्हे. जोरात आंबणारा वर्ट खोलीपेक्षा ३ ते ५ अंश गरम असू शकतो. थर्मामीटर फर्मेंटरच्या अंगाला चिकटवा आणि वरून कापडाची घडी बांधा. पहिले चार दिवस सांभाळलेत की निम्मी लढाई जिंकलीत. पाचव्या-सहाव्या दिवशी फेस बसायला लागला की २० ते २१ अंशांवर जाऊ द्या, म्हणजे यीस्ट स्वतःच तयार केलेलं, लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल परत खाऊन टाकेल.

एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणजे आंबवणं संपलं, असं नाही. झाकणाला फट असेल तर बुडबुडे मुळातच येत नाहीत.

> तपासा: दहाव्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजा. दोन्ही वेळा तोच आकडा आणि तो १.०१५ च्या खाली, तरच पुढे जा. रिफ्रॅक्टोमीटरवर थेट विसंबू नका, अल्कोहोलमुळे तो आता जास्त आकडा दाखवतो. नमुन्यातला थोडा भाग झाकण लावलेल्या बरणीत घालून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि हुंगा. लोण्याचा वास आला तर आणखी तीन दिवस थांबा.

९. ड्राय हॉप

यापुढे ऑक्सिजन शत्रू आहे. हॉपी बिअरला हवा लागली की आधी वास मावळतो, मग रंग गढूळ तपकिरी होतो आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव येते. घरच्या नकला हरतात त्या बहुतेक इथे आणि पुढच्या पायरीवर.

म्हणून दुसऱ्या भांड्यात बिअर बदलण्याच्या फंदात पडू नका. त्याच फर्मेंटरमध्ये कॅस्केड ३० आणि सेंटेनियल ३० ग्रॅम टाका. झाकण उघडायचं ते हॉप्स हातात तयार ठेवून, टाकायचे आणि बंद करायचं. पेलेट्स मोकळ्या टाका, त्या आपोआप बुडतात. बोंडं तरंगतात, त्यांना उकळलेल्या जाळीच्या पिशवीत स्टीलचं वजन घालून बुडवा. पिशवी ढिली ठेवा, गच्च भरलेल्या पिशवीतल्या मधल्या बोंडांना बिअर लागतच नाही.

चार-पाच दिवस पुरे. दोन आठवडे ठेवून वास वाढत नाही, गवताची चव मात्र उतरते.

> सावधान: हॉप्समध्ये साखर तोडणारी एन्झाइम्स असतात. थांबलेलं आंबवणं ड्राय हॉपनंतर पुन्हा हळूहळू सुरू होऊ शकतं. म्हणून बाटल्या भरण्याआधी घनता पुन्हा मोजा. ती खाली जात असेल तर स्थिर होईपर्यंत थांबा. अशा बिअरमध्ये साखर घालून बाटली बंद केली तर ती फुटू शकते, आणि काच खोलीभर उडते.

घनता स्थिर झाल्यावर शक्य असेल तर दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून गाळ बसवा. गार होताना आतला वायू आक्रसतो आणि एअरलॉकमधलं पाणी, मागोमाग हवा, आत ओढली जाते. त्याआधी एअरलॉक काढून भोक घट्ट बंद करा. फर्मेंटर पातळ प्लास्टिकचा असेल तर तो आत चेपतो, तेव्हा हे थंड करणं सरळ गाळा.

१०. बाटल्या

तपकिरी बाटल्याच घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश गेला की हॉप्समधल्या संयुगांपासून स्कंकसारखा दुर्गंध तयार होतो.

लिटरमागे ६ ग्रॅम साधी साखर, म्हणजे १९ लिटरला ११४ ग्रॅम. पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करा. हा पाक बॉटलिंगच्या बादलीत आधी ओता, मग सायफनची नळी तळाशी टेकवून बिअर त्यावर सोडा. वरून धार पडता कामा नये. नंतर सॅनिटाइझ केलेल्या चमच्याने दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा. हे वगळलं तर निम्म्या बाटल्या सपक आणि निम्म्या कारंज्यासारख्या निघतात.

बाटली तळापासून काठोकाठ भरा. भरणीची नळी बाहेर काढली की वर योग्य तेवढी जागा आपोआप राहते. लगेच बूच ठोका. वीस बाटल्या भरून मग सगळ्यांना एकदम बुचं लावणं सोयीचं वाटतं, पण तेवढा वेळ त्या उघड्या हवेत असतात.

अंधारात, १८ ते २२ अंशांवर दोन आठवडे. मग एक बाटली रात्रभर गार करून उघडा. गॅस कमी वाटला तर आणखी आठवडा द्या. नीट धरला असेल तर सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा आणि दोन-अडीच महिन्यांत संपवा. काही जण सेलिब्रेशन वर्षभर जपून ठेवतात. त्यात माल्टची वेगळी मजा असेलही, पण ज्या हॉप्ससाठी एवढा खटाटोप केला ते तोवर निघून गेलेले असतात.

११. शेजारी ठेवून चाखा

आठवणीतल्या चवीशी तुलना करू नका. चालू हंगामाची एक बाटली आणा, तारीख पाहून. दोन्ही ८ ते १० अंशांवर, एकाच आकाराच्या ग्लासांत. दुसऱ्या कोणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखता आला तरच फरकावर बोलण्यात अर्थ आहे.

फरक सापडला तर साधारण असा शोध घ्या:

- वास कमी, चव बरोबर: हॉप्सचं वर्ष आणि बाटली भरतानाची हवा तपासा. ग्रॅम वाढवणं हा शेवटचा उपाय.
- गोड, जड: शेवटची घनता पाहा. ती जास्त असेल तर पुढच्या वेळी मॅश ६५ अंशांवर आणि यीस्ट पुरेसं. घनता बरोबर असूनही गोड लागत असेल तर क्रिस्टल १०० ग्रॅमने कमी करा.
- कडवटपणा जिभेवर रेंगाळतो, ओरखडतो: ८० अंशांची पायरी घाईत झाली, किंवा धान्य धुताना पाणी फार गरम होतं.
- रंग ठीक, पण कडेला तपकिरी झाक: ऑक्सिजन. पाककृतीला हात लावू नका, नळ्या आणि ओतण्याची पद्धत बदला.

पुढच्या खेपेत यातली एकच गोष्ट बदला. आणि उरलेले हॉप्स पुढच्या हिवाळ्यासाठी राखू नका. उन्हाळ्यात एखाद्या साध्या पेल एलच्या कडवटपणासाठी वापरून टाका.